बेसवादकाने स्टेजवर उभं कुठे राहायचं?

नवा बँड स्टेजवर चढला की जागांची वाटणी दोन मिनिटांत होते. गायक मधे, गिटारवाला त्याच्या शेजारी, ड्रम मागे, कीबोर्ड जिथे मावेल तिथे, आणि बेसवादक उरलेल्या कोपऱ्यात. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये हे दिसतं, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात दिसतं, गोव्यातल्या शॅकवरही दिसतं. मग कार्यक्रम संपल्यावर लोक म्हणतात की गाणी चांगली होती, पण काहीतरी सैल वाटत होतं. बोल साउंडवाल्याला लागतो. खरं कारण पुष्कळदा त्या कोपऱ्यात असतं. बेसवादकाच्या जागेबद्दल वाजवणाऱ्यांमध्येच बरेच समज घट्ट बसलेले आहेत. त्यातले काही थेट भौतिकशास्त्राची साक्ष काढून सांगितले जातात, म्हणून ते जास्त टिकतात.

समज: बेस दुय्यम वाद्य आहे, म्हणून तो मागे असतो

बेस मागे गेला तो मान कमी म्हणून नव्हे. इलेक्ट्रिक बेसच्या आधी बँडमध्ये डबल बेस होता, माणसाच्या उंचीपेक्षाही उंच. तो पुढे ठेवला की मागचे सगळे झाकले जात. शिवाय त्याचा आवाज बेताचाच, त्यामुळे वाजवणाऱ्याला ड्रमर आणि पियानोवाल्याच्या अगदी जवळ राहणं भाग होतं. १९३७ साली गिटारवादक फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात आला आणि बेसी, ग्रीन, बेसवादक वॉल्टर पेज व ड्रमर जो जोन्स अशी चौकडी तयार झाली. संपूर्ण स्विंग संगीत ज्या तालविभागाकडे आदर्श म्हणून पाहत आलं, तो हा. ही माणसं एकमेकांना खेटून बसत, कारण त्यांना एकमेकांचा श्वासही ऐकायचा होता.

१९५१ मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. वाद्य आडवं झालं, पट्ट्याने गळ्यात आलं आणि वादक चालायला लागला. तेव्हापासून मागे राहण्याची सक्ती संपली. फिल लायनट, स्टिंग, मोटरहेडचा लेमी हे गाणारे बेसवादक स्टेजच्या मधोमध उभे राहिले. आयर्न मेडनची स्थापना करणारा स्टीव्ह हॅरिस तर पुढच्या मॉनिटरवर पाय ठेवून वाजवतो. याउलट रोलिंग स्टोन्सचा बिल वायमन वर्षानुवर्षं जवळजवळ न हलता उभा राहिला, आणि त्याच्या वाजवण्यातलं काहीही त्यामुळे उणं झालं नाही.

एसी/डीसीने काढलेला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बेसवादक क्लिफ विल्यम्स आणि ऱ्हिदम गिटार वाजवणारा माल्कम यंग ड्रमच्या दोन बाजूंना, अ‍ॅम्पच्या पुढ्यात उभे राहत. ध्रुवपद आलं की दोघं एकदम पुढे माइकपाशी येत, गात, आणि पुन्हा मागे जात. गायक आणि लीड गिटार वाजवणारा अँगस यंग यांना सगळं स्टेज मोकळं मिळे आणि तालाची माणसं एकत्र राहत. माल्कम यंग हा त्या बँडचा कर्ताधर्ता होता, तरी त्याने स्वतःसाठी निवडली ती मागची जागा.

समज: खर्जाला दिशा नसते, मग कुठेही उभं राहिलं तरी चालतं

यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की सुमारे ४१ हर्ट्झचा सूर निघतो. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो. त्या हिशेबाने या सुराच्या लाटेची लांबी ८ मीटरच्या वर जाते. एवढी लांब लाट मधल्या अडथळ्यांना वळसा घालून जाते. बंद जागेत साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला ओळखता येणं कठीणच. पण बेस म्हणजे नुसता खर्ज नव्हे. तारेवर बोट पडल्याचा टणका आणि वरचे स्वरांश कित्येक पट उंच असतात, आणि त्यांना दिशा चांगलीच असते.

शिवाय हा नियम श्रोत्यांच्या बाजूचा आहे. मोठ्या कार्यक्रमात बेस डीआय बॉक्समधून मिक्सरला जातो आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून सारखाच बाहेर पडतो. वादक डावीकडे की उजवीकडे, याचा त्यावर परिणाम होत नाही. श्रोत्याला बेस कसा ऐकू येईल हे तो स्वतः कुठे उभा आहे यावर जास्त ठरतं. दोन्ही टोकांना सबवूफर ठेवले की मैदानाच्या मध्यरेषेवर बेस दणदणीत असतो. थोडं बाजूला सरकून दोन्ही सबपासूनच्या अंतरात २.९ मीटरचा फरक पडला, की ६० हर्ट्झच्या आसपासचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ‘आज बेस ऐकूच आला नाही’ म्हणणारा आणि ‘बेसने छाती हादरली’ म्हणणारा, दोघंही एकाच कार्यक्रमाबद्दल खरं सांगत असू शकतात.

जागेचा खरा प्रश्न श्रोत्यांचा नाहीच. तो बेसवादक आणि ड्रमर यांच्यातला आहे. आवाजाला एक मीटर कापायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. दोघांत ८ मीटर अंतर असेल तर एकाचा ठोका दुसऱ्याला २३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळाव्या मात्रेची लांबी १२५ मिलिसेकंद, म्हणजे उशीर तिच्या जवळपास पाचव्या भागाइतका. त्यात दोघंही एकमेकांची वाट पाहू लागले की लय खाली बसत जाते. कुणी चूक करत नसतं, पण गाणं जड होतं. अंतर दोन मीटरवर आणलं तर उशीर ६ मिलिसेकंदांवर येतो आणि जाणवेनासा होतो.

ऐकण्याइतकंच पाहणंही महत्त्वाचं. मैफलीत तबलजी श्रोत्यांकडे तोंड करून बसत नाही. तो गायकाकडे वळून बसतो, कारण सम गाठायची तर मुखडा घेणाऱ्याचा चेहरा दिसावा लागतो. ड्रमर आणि बेसवादक यांचंही तसंच आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शेआ स्टेडियममध्ये बीटल्सनी ५५ हजारांहून जास्त लोकांपुढे गाणी वाजवली, तीही स्टेजवर मॉनिटर नसताना. त्या काळातल्या किंकाळ्यांत काहीच ऐकू येत नसे, तेव्हा पुढच्या तिघांच्या पाठी आणि माना कशा हलतात त्यावरून गाणं कुठवर आलं हे ओळखायचो, असं त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याने नंतर सांगितलं आहे. डोळ्यांनी ताल धरता येतो, याचा इतका ठळक दाखला मला दुसरा माहीत नाही.

आता बाजू कोणती? उजव्या हाताने वाजवणाऱ्या ड्रमरची हाय-हॅट त्याच्या डावीकडे असते, म्हणजे श्रोत्यांच्या उजवीकडे. बहुतेक जाणते बेसवादक ही बाजू धरतात आणि त्यामागे साधी कारणं आहेत. ड्रमरच्या उजवीकडे जमिनीवरचा मोठा टॉम असतो, तो किकवरचा पाय झाकतो. हाय-हॅटच्या बाजूने मात्र स्नेअर, दोन्ही हात आणि बहुतेक वेळा तो पायही दिसतो. दुसरं कारण वाद्याच्या लांबीचं. प्रिसिजनची एकूण लांबी सव्वा मीटरच्या जरा आत, आणि मान वादकाच्या डावीकडे पुढे आलेली. हाय-हॅटच्या बाजूला उभं राहून ड्रमरकडे वळलं की ही मान श्रोत्यांच्या दिशेला मोकळ्या जागेत जाते. पलीकडच्या बाजूने वळलं तर ती ड्रमकडे जाते आणि छोट्या स्टेजवर सिंबलला आपटते. ड्रमर डावखुरा असेल तर सगळा हिशेब उलटा करायचा.

बेसवादकच डावखुरा असेल तर त्याचा फायदाही करून घेता येतो. ९ फेब्रुवारी १९६४ च्या एड सलिव्हन शोमध्ये बीटल्सचा डावखुरा बेसवादक पॉल मॅकार्टनी श्रोत्यांच्या डावीकडे आणि जॉर्ज हॅरिसन त्याच्या शेजारी होता. एकाच्या बेसची मान एका बाजूला, दुसऱ्याच्या गिटारची विरुद्ध बाजूला, त्यामुळे दोघं एकाच माइकवर डोकं जोडून गाऊ शकत.

हाय-हॅटच्या बाजूची एक किंमत आहे आणि ती लपवू नये. तिथे क्रॅश सिंबल थेट कानाशी येते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. म्हणून सिंबलच्या पात्याच्या रेषेत कान येऊ न देता अर्धं पाऊल मागे किंवा पुढे उभं राहावं, आणि इअरप्लग घालावेतच. तरुण वादक याला कमीपणा मानतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, एवढंच त्यांना सांगणं आहे.

समज: बेसची लाट ‘पूर्ण व्हायला’ आठ मीटर लागतात, म्हणून अ‍ॅम्पजवळ बेस ऐकू येत नाही

हा समज सर्वांत चिवट आहे, कारण अनुभव त्याची साक्ष देतो असं वाटतं. अ‍ॅम्पला चिकटून उभं राहिलं की आवाज घुमट आणि अस्पष्ट वाटतो, समोर मैदानात गेलं की भरदार. त्यावरून लोक म्हणतात, लाट अजून उलगडायची होती.

पण कान लाटेची लांबी मोजत नाही. तो एका जागी हवेचा दाब काळानुसार कसा बदलतो एवढंच टिपतो. तसं नसतं तर कानात घातलेल्या इअरफोनमधून बेस ऐकूच आला नसता. तिथे पडदा आणि कान यांच्यात बोटभरही अंतर नसतं. ४१ हर्ट्झच्या एका आंदोलनाला २४ मिलिसेकंद लागतात आणि सूर ओळखायला अशी काही आंदोलनं हवीत, हे खरं. पण तो वेळ आहे, अंतर नव्हे. एक मीटरवरच्या माणसालाही तो तितकाच लागतो.

मग जवळ गेल्यावर स्पष्ट का ऐकू येत नाही? पहिलं कारण उंचीचं. जमिनीवर ठेवलेलं कॅबिनेट गुडघ्यांशी बोलतं. दहा इंची स्पीकर सुमारे १४०० हर्ट्झच्या वरचा आवाज झोतासारखा सरळ पुढे फेकतो. टणका त्याच पट्ट्यात असतो. तो वादकाच्या पायांमधून निघून पुढच्या रांगेतल्या लोकांच्या कानांवर आदळतो, आणि वादकाला मिळतो फक्त पसरणारा घुमारा. दुसरं कारण कानाचं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की माणसाचा कान खर्जाला फार मंद आहे. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा आवाज जेवढा वाटतो तेवढाच ४० हर्ट्झचा वाटायला ८० च्या वर डेसिबल लागतात. ऐकू येत नाही म्हणून वादक आवाज वाढवतो, तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो, आणि साउंडवाल्याच्या हातात काही उरत नाही.

तिसरं कारण भिंतीचं, आणि लहान हॉलमध्ये तेच सर्वांत जास्त छळतं. खर्ज कॅबिनेटच्या मागेही पसरतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. स्पीकरचा पडदा भिंतीपासून एक मीटरवर असेल तर परतणारी लाट दोन मीटर जास्त चालून येते. ८६ हर्ट्झच्या सुराची लाट चार मीटरची, म्हणून ती नेमकी उलटी पोचते. डी तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा एफ ८७ हर्ट्झचा आहे. शेजारचे सूर ठणठणीत आणि एफ मात्र दबलेला, असं झालं की वादक स्वतःच्या बोटांना किंवा तारेला दोष देतो. कॅबिनेटची खोली ४० सेंटिमीटर धरली आणि ते भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर ठेवलं की हेच अंतर तयार होतं. सगळे ते साधारण तिथेच ठेवतात.

उपाय फुकटचा आहे. कॅबिनेट भिंतीला टेकवलं तर हा खड्डा वर, २१४ हर्ट्झच्या आसपास सरकतो आणि उथळ होतो. त्याबरोबर खर्ज वाढतो, कोपऱ्यात तर आणखी. तेवढा तो बटणावर कमी करायचा. वाढवण्यापेक्षा कमी करणं केव्हाही स्वच्छ. मग कॅबिनेट तिरकं करून किंवा भक्कम पेटीवर ठेवून कानाकडे वळवायचं आणि आपण दोनेक मीटर पुढे उभं राहायचं. आपल्याकडे मंडळांचं स्टेज बहुधा लोखंडी सांगाड्यावर प्लाय ठोकून केलेलं असतं. ते पोकळ असल्याने स्वतःच घुमतं. तिथे कॅबिनेटखाली जाड फोम घातला तर ड्रमच्या माइकमध्ये जाणारी गुरगुर बरीच कमी होते.

समज: इन-इअर मॉनिटर आले, आता जागेचा प्रश्नच नाही

कानातल्या मॉनिटरने हवेतला उशीर जवळजवळ संपवला, आणि ही मोठी सोय आहे. स्टेजवरचा गोंगाटही कमी झाला. पण गाणं लांबवायचं ठरलं, गायक एक ओळ विसरला, शेवटचा सूर धरून ठेवायचा आहे, अशा वेळी कानातून काही कळत नाही. तिथे नजर लागते. पुढे मधोमध उभ्या राहणाऱ्या गायक-बेसवादकाला ही अडचण सतत असते. त्याने स्वतःच्या मॉनिटरमध्ये किक आणि हाय-हॅट मोठी मागून घ्यावी, आणि गायचं नसेल तेव्हा ड्रमकडे वळावं.

आयोजकांना स्टेजचा आराखडा पाठवताना ड्रम आणि बेस एकाच चौकटीत दाखवावेत, मधलं अंतर दोन मीटर लिहावं, हाय-हॅटची बाजू खुणेने नोंदवावी आणि बेसच्या वीजजोडणीची जागा तिथेच मागावी. प्लग लांब असेल तर अ‍ॅम्प प्लगपाशी जातो आणि वादक अ‍ॅम्पपाशी. साउंड चेकला आधी फक्त ड्रम आणि बेस वाजवावेत. प्रत्येक तारेवरचा एकेक सूर सावकाश वाजवून कुठला दबतो ते ऐकावं, आणि तो सापडला की बटणाला हात लावण्याआधी कॅबिनेट फूटभर सरकवून पाहावं.