लोणीकरांनो, गळ टाकायला कधी जायचं?

सामन-ट्राउट थंड पाण्याचे मासे, आपल्याकडे ते नाहीत. पण लोणीहून मंचर-घोडेगावमार्गे डिंभे धरण गाठलं की घोड नदीचं पाणी आपलंच! 🎣

🌧️ जून ते सप्टेंबर: गळ घरीच ठेवा. पोटात अंडी असलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. एक मादी धरली की हजारो पिल्लं गेली.

🍂 दिवाळीनंतर: पाणी निवळतं. रोहू, मृगळसाठी कणकेचा घट्ट गोळा, तळाशी सोडायचा.

❄️ डिसेंबर-जानेवारी: पहाटे मासा सुस्त असतो. ऊन चढल्यावर बसा.

☀️ मार्च ते मे: सकाळ-संध्याकाळ उत्तम. मरळ काठच्या गवतात दबा धरते; तिला जिवंत आमिष लागतं.

धरणात धरणग्रस्त आदिवासी बांधवांची मच्छीमार संस्था काम करते. आधी परवानगी घ्या, वाटाड्या म्हणून त्यांच्यातलाच माणूस घ्या आणि त्याची मजुरी चोख द्या. कुठे खोल, कुठे गाळ, हे त्यालाच ठाऊक.

महसीर लागला तर ओल्या हातानं गळ सोडवून लगेच पाण्यात सोडा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये शास्त्रीय नोंद केलेला हा मासा पुणे परिसराचं वैभव आहे. तो टिकलाच पाहिजे!