जर्मनीत मन आजारी पडलं तर

पुण्याहून म्युनिकला किंवा नाशिकहून श्टुटगार्टला गेलेल्यांना ताप आला तर कुठे जायचं, हे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं. पण झोप उडाली, ऑफिसला जायच्या नुसत्या विचाराने छाती धडधडू लागली, तर कुठे जायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. मग ऐकीव गोष्टींवर भागवलं जातं, आणि त्यांच्यापायी माणसं महिनोन्‌महिने सोसत राहतात.

सर्वांत जास्त कानावर येतं ते पैशांचं: थेरपी म्हणजे ताशी शंभरएक युरो, ती आपल्याला कशी परवडणार? टीके, एओके यांसारख्या सार्वजनिक आरोग्यविम्याचा हप्ता तुमच्या पगारातून कापला जात असेल, तर मानसोपचाराचा हक्क त्यातच आला. विम्याच्या करारातल्या परवानाधारक थेरपिस्टकडे विम्याचं कार्ड दाखवायचं, खिशातून काही द्यावं लागत नाही. आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आणावी लागते, हीसुद्धा चुकीची समजूत आहे. 2017 पासून थेरपिस्टकडे थेट पहिल्या भेटीला जाता येतं. तिला श्प्रेखश्टुंडे म्हणतात. तुम्हाला नेमका काय त्रास आहे आणि उपचाराची गरज आहे का, हे या भेटीत ठरतं. 116117 या क्रमांकावर किंवा त्याच सेवेच्या संकेतस्थळावर ही भेट मागितली, तर साधारण चार आठवड्यांच्या आत वेळ देणं त्या सेवेवर बंधनकारक आहे.

खरी अडचण त्यानंतर येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पहिली भेट लवकर मिळते, पण नियमित थेरपीसाठी मोकळी जागा मिळेपर्यंत कित्येक महिने जाऊ शकतात. इंग्रजीत थेरपी देणारा हवा असेल तर आणखी थांबावं लागतं, आणि थेरपीतल्या दुभाष्याचा खर्च सार्वजनिक विमा सहसा देत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: दहा ठिकाणी फोन करायची ताकद अंगात आहे तोवरच सुरुवात करा. थेरपिस्ट शोधताना भाषेची चाळणी लावता येते, ती लावा. एकाच वेळी अनेकांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. प्रत्येक नकाराची तारीख आणि नाव लिहून ठेवा. कारण वेळेत कोणीच मिळालं नाही, तर विम्याच्या करारात नसलेल्या परवानाधारक खासगी थेरपिस्टचा खर्च विमा कंपनीकडे मागण्याची तरतूद कायद्यात आहे. अर्ज थेरपी सुरू होण्याआधी करायचा असतो आणि त्याला या नोंदी जोडाव्या लागतात. पहिला अर्ज फेटाळला गेला तर लेखी हरकत घ्या. आणि पहिल्या भेटीतच थेरपिस्टला तुमची स्थिती तातडीची वाटली, तर तसा शेरा कागदावर मागून घ्या. त्यावर 116117 मार्फत पुढची वेळ लवकर मिळू शकते.

‘ऑफिसात कळेल’ ही दुसरी मोठी भीती. आजारपणाच्या रजेच्या दाखल्यातून कंपनीला फक्त तारखा कळतात, आजार कळत नाही. 2023 पासून सार्वजनिक विम्यातल्या लोकांचा दाखला कंपनी ऑनलाइन मागवते. पूर्वी कागदावर डॉक्टरचा शिक्का तरी दिसायचा, आता तोही दिसत नाही. एकाच आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत कंपनी पूर्ण पगार देते, पुढे विम्याकडून आजारभत्ता मिळतो. थेरपिस्टने गुपित फोडणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. तुम्ही थेरपी घेता हे तो व्हिसा कार्यालयाला कळवत नाही.

ही गुप्तता नवराबायकोतही लागू आहे, आणि हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग गेलेल्या, इथली पदवी आणि अनुभव मागे ठेवून घरात अडकलेल्या कितीतरी मुली आहेत. ‘माझा स्वतःचा विमाच नाही’ असं त्यांना वाटतं. पण नवरा सार्वजनिक विम्यात असेल आणि बायकोला उत्पन्न नसेल, तर वेगळ्या हप्त्याशिवाय तिचाही विमा निघतो आणि तिचं स्वतःचं कार्ड येतं. त्या कार्डावर ती एकटी थेरपिस्टकडे जाऊ शकते. घरी बिल येत नाही. हेच बायको नोकरीत आणि नवरा घरी असतानाही खरं आहे.

मात्र सगळ्याच भीती निराधार नाहीत. पुढे खासगी आरोग्यविमा किंवा कामाची क्षमता गमावल्यास भरपाई देणारा विमा घ्यायचा झाला, तर अर्जात मागच्या काही वर्षांतल्या मानसोपचाराबद्दल विचारतात. खरं सांगावं लागतं, आणि नकारही येऊ शकतो. तरीही या हिशेबापायी आजचा उपचार टाळणं मला पटत नाही. तिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्यांना आणि भाषावर्गासाठी गेलेल्यांना बहुधा खासगी पॉलिसी घ्यावी लागते. स्वस्त पॉलिसीत मानसोपचार अनेकदा वगळलेला असतो. विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी श्टुडीरेंडनवेर्क या विद्यार्थी सेवासंस्थेचं समुपदेशन आहे. ते बहुतेक ठिकाणी मोफत असतं आणि पुष्कळदा इंग्रजीतही मिळतं.

भारतातल्या थेरपिस्टशी मराठीतून ऑनलाइन बोलणं कमी दर्जाचं अजिबात नाही. सासूबद्दलचा राग किंवा वडिलांच्या आजारपणात जवळ नसल्याची टोचणी इंग्रजीत सांगताना अर्धी हरवते. फक्त तो खर्च जर्मन विमा देत नाही, आणि त्या थेरपिस्टला तिथल्या रजेचा दाखला देता येत नाही. भारतीय डॉक्टरची चिठ्ठी जर्मन औषधाच्या दुकानात चालत नाही. आईने पार्सलमधून गोळ्या पाठवणं हा उपायही नव्हे, कारण युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीने टपालाने औषधं मागवायला तिथे सहसा मनाई आहे. आधीपासून गोळ्या चालू असतील, तर निघताना औषधाचं मूळ घटकनाव आणि मात्रा लिहिलेलं इंग्रजी पत्र डॉक्टरकडून घ्या. पोहोचल्यावर लगेच तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरची वेळ मागा, साठा संपण्याची वाट पाहू नका. गोळ्या डॉक्टरच लिहून देतो, मानसशास्त्राची पदवी घेतलेला थेरपिस्ट नाही.

जीव नकोसा होत असेल तर वरचं काहीच लागू नाही. तेव्हा ना भेटीची वेळ लागते, ना चिठ्ठी. 112 ला फोन करा किंवा जवळच्या मनोरुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, तो रात्रंदिवस उघडा असतो. जर्मन येत नसेल तर मित्राला सोबत घ्या, आणि कोणीच नसेल तर एकटे जा.