वाळवंटासाठीं जुनी मोटार

जैसलमेरपलीकडे समच्या मऊ वाळूंत साधी मोटार रुतते. चारही चाकांना गति देणारी नवी गाडी महाग. म्हणून १९८५ सालीं निघालेली जिप्सी जुनी पाहून घ्यावी. वजन सुमारें एक टनच, म्हणून ती कमी रुतते. कमानपाट्यांमुळें पाठीचे हाल होतात, हें खरें.

रंगावर भुलूं नये. हवेची गाळणी काढावी; तिच्यापलीकडील नळींत धूळ असल्यास पिस्टनच्या कड्या झिजल्या असण्याचा संभव फार. अशी गाडी फुकटहि महागच! मग दुसरा दांडा ओढून चारही चाकें मातीवर चालवून पाहावीं; डांबरावर नव्हे, कारण वळणावर पुढचीं-मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत व दंतचक्रांवर ताण पडतो. वाळूंत शिरतांना चाकांतील हवा सुमारें १८ पौंडांवर आणावी, डांबरावर येतांच पुन्हां भरावी. तेव्हां हातपंप सोबत हवाच.