पंपाखाली डबा बांधून अजून किती सीझन काढणार?

चोपड्याच्या पुलाखालचं पाणी मातकट झालं, की समजायचं आता इंजिनाकडे बघायला वेळ आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी. जाळी सगळेच शिवतात, रंगकामही होतं. पण इंजिनाच्या कुशीला जो डिझेल पंप बसलाय, ज्याच्या खाली तुम्ही सीझनभर ऑइलचा कॅन अर्धा कापून बांधला होता, त्याचं काय?

हसू नका, असा कापलेला डबा बऱ्याच होड्यांवर दिसतो. संध्याकाळी डब्यातलं डिझेल परत टाकीत ओतायचं, की झालं काम! थोडा हिशोब करून बघा. सेकंदाला एक थेंब, म्हणजे तासाला ३६०० थेंब. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला तर तासाला १८० मिली. दहा तास इंजिन चाललं की पावणेदोन लिटरच्या वर. महिन्याला वीस दिवस धरून दहा महिन्यांचे झाले ३६० लिटर. डब्यात पडलं तेवढं वाचलं. बाकीचं तळाच्या पाण्यात, आणि तिथून बाहेर आपल्याच खाडीत, जिथे आपलीच माणसं तिसऱ्या काढायला उतरतात.

तरी डिझेलचे पैसे ही त्यातली लहान गोष्ट. खरी भीती नदीच्या तोंडावर आहे.

जिथून डिझेल बाहेर येतं, तिथून हवा आतही जाऊ शकते. टाकी पंपापेक्षा वर असेल तर इंजिन बंद असतानाही गळतं, ते डोळ्यांना दिसतं. टाकी खाली असेल तर इंजिन बंद केल्यावर डिझेल मागे उतरतं आणि पंपात हवा भरते. गळती दिसतच नाही, पण सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते. कधी चालता चालता इंजिन एकदम मऊ पडतं आणि परत उचलतं. मोकळ्या समुद्रात हे चालवून घेता येतं. पण चापोऱ्याच्या तोंडावर, रेतीच्या बांधापाशी, दोन लाटांच्या मधून निघताना रेस कमी करून परत द्यावी लागते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनाने दम सोडला तर होडी आडवी होते. हे तांडेलांना सांगायला नको.

आता पंपाकडे येऊ. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती दिसतात. मोठ्या इंजिनांवर लांबट इनलाइन पंप असतो, प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर. जुन्या पाट्यांवर मायको, आता बॉश. दुसरा गोल रोटरी, जुन्या ट्रॅक्टरांवर असतो तसा. त्याला डीपीए म्हणतात. हा सीएव्ही कंपनीने १९५६ साली काढला, पण त्याची मूळ कल्पना व्हर्नन रूसा या अमेरिकन माणसाची. तो डिझेल जनरेटर सांभाळणारा मेकॅनिक होता, इंजिनियरच्या खुर्चीतला नव्हे. या रोटरी पंपात वेगळं ऑइल नसतं, सगळा पंप आतून डिझेलनेच भरलेला आणि डिझेलवरच वंगण घेणारा. म्हणून सील गेलं की गळणारच. घरी करण्यासारखं काम जास्त करून याच पंपात आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

सील जातात का? वयाने जातात, उष्णतेने जातात. दुसरं कारण म्हणजे डिझेल बदललं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमच्या आत. गंधक काढताना डिझेलमधले रबर फुगवणारे काही घटकही कमी होतात. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली साधी नायट्राइल रिंग मग आकसते, आणि कडक झालेली असेल तर परत जागा भरत नाही. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा तिकडेही जुने पंप असेच गळायला लागले होते. नवीन रिंग घेताना व्हायटॉनची मागा. रंगावर जाऊ नका. व्हायटॉन तपकिरी असतं, हिरवं असतं, काळंही असतं.

पाना हातात घेण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा. डिझेल वरून गळतं आणि खालून ठिबकतं, त्यामुळे थेंब जिथे दिसतो तिथे दोष असेलच असं नाही. पंप डिझेल आणि ब्रशने घासून धुवा. पाण्याचा फवारा नको, खारं पाणी तर मुळीच नको. पूर्ण सुका करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन दहा मिनिटं चालवा. पावडर पहिल्यांदा जिथे ओली होते तिथे गळती. हवेचा संशय असेल तर पंपाच्या रिटर्न लाइनला तात्पुरती पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे सतत येत राहिले तर हवा आत जातेय.

बहुतेक वेळा दोषी निघतो तो वरच्या झाकणातला रेसचा शाफ्ट, किंवा त्याच्या शेजारचा इंजिन बंद करायचा शाफ्ट. केबल दिवसभर खेचली जाते, शाफ्ट फिरत राहतो, त्याची ओ-रिंग झिजते. या कामाला पंप इंजिनावरून उतरवावा लागत नाही, त्यामुळे टायमिंगला हात लागत नाही.

टाकीचा कॉक बंद करा. दोन्ही केबल सोडा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, कारण आठवण दगा देते. झाकणाचे नट सोडून झाकण सरळ वर उचला, पण एका झटक्यात नको. खाली गव्हर्नरची स्प्रिंग शाफ्टच्या दांडीला अडकवलेली असते आणि तिथे एकापेक्षा जास्त भोकं असतात. स्प्रिंग कुठल्या भोकात आहे त्याचा फोटो आधी, मग ती सोडा. भोक बदललं की इंजिनाची रेस धरण्याची चाल बदलते, आणि मग पंप बिघडला म्हणून लोक पंपवाल्याकडे पळतात. मीटरिंग व्हॉल्व्हची बारीक काडी वाकवू नका. उघड्या पंपावर कापूस, चिंधी काही नको, एक धागा आत गेला तरी पुरे. स्वच्छ प्लास्टिक झाका.

शाफ्ट झाकणातून काढला की जुनी रिंग बोटात धरून बघा. टणक होऊन चपटी झालेली असेल. नवीन रिंग चढवताना शाफ्टच्या धारदार कडेवर पातळ प्लास्टिक गुंडाळा आणि रिंगला स्वच्छ डिझेल लावा, नाहीतर नवी रिंग चढतानाच कापली जाते. झाकणाखालचं पॅकिंग किटमधलंच घाला. सिलिकॉनची ट्यूब आणून माखू नका. डिझेलने सिलिकॉन सुटतं, त्याचे तुकडे आत फिरतात.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. रिंग घालण्याआधी शाफ्ट भोकात घालून आडवा हलवून बघा. ढिला खेळत असेल तर झाकणाचं ॲल्युमिनियमच झिजलंय. मग कितीही चांगली रिंग घाला, महिन्याभरात परत गळणार. तिथे बुश बसवून घ्यावा लागतो किंवा झाकण बदलावं लागतं. दरवर्षी रिंग बदलून कंटाळलेल्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

झाकण परत बसवताना बंद करायच्या शाफ्टची खालची पिन आतल्या पट्टीच्या बरोबर बाजूला बसली पाहिजे. चुकीच्या बाजूला बसली तर इंजिन चालू होईल, पण बंद होणार नाही! म्हणून स्टार्टर मारण्याआधी हातानेच बंद करायचा दांडा हलवून बघा, आत काहीतरी सरकल्याचं कळतं. आणि पहिल्यांदा चालू करताना हवेच्या तोंडाच्या मापाची फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. रेस हाताबाहेर गेली तर फिल्टर काढलेल्या तोंडावर फळी दाबली की इंजिन गुदमरून थांबतं. हात दाबू नका, फळीच.

बाहेरच्या जोडांवरचे तांब्याचे वॉशर शक्यतो नवे घ्या. नसलेच तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं. मग हवा काढायची. हँड प्रायमर मारत आधी फिल्टरची हवा, मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू, मग झाकणावरचा. शेवटी नोझलकडचे पाइपचे नट अर्धा फेरा ढिले करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा.

इंजिन चालू असताना त्या नटांजवळ किंवा फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. नोझल दीडशे-दोनशे बारला उघडतं, गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच असतो. तो फवारा कातडीतून आत शिरतो. वर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आतलं मांस जळत जातं. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, रात्र असली तरी तडक बांबोळीला जा आणि डॉक्टरला सांगा की प्रेशरने डिझेल आत गेलंय.

आता घरी न करायची कामं. पंपाच्या मागचं हेड, जिथून पाइप निघतात, त्याच्या कडेने पाझरत असेल तर आतली मोठी रिंग गेलीय. ते पंप-नोझलवाल्याच्या टेबलावरच उघडायचं काम. शिसं मारलेल्या तारेचे स्क्रू तर हलवायचेच नाहीत.

आणि पुढचं सील, पंपाच्या मुख्य शाफ्टचं. हे सगळ्यात घातक, कारण अनेक इंजिनांवर ते गळलं की डिझेल बाहेर दिसतच नाही, टायमिंग केसमधून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी कमी व्हायची ती वाढत असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर समजा. ऑइल पातळ झालं की बेअरिंग खातं, शेवटी क्रँक. काही लोक पातळी वाढलेली बघून खूश होतात, की इंजिन ऑइल पीत नाही! असं दिसलं तर इंजिन चालवूच नका. पंप उतरवायचा झाला तर आधी फ्लँज आणि केसवर मिळून छिन्नीने एक बारीक रेघ मारा, परत त्याच रेघेवर बसवायचा. सील पंपवाल्याकडून घालून घ्या, त्याच वेळी कॅलिब्रेशनही होऊ दे. ऑइल आणि त्याचा फिल्टर दोन्ही बदला, नुसता पंप करून उपयोग नाही.

इनलाइन पंपवाल्यांसाठी थोडक्यात. वरच्या डिलिव्हरी होल्डरच्या कडेने ओलं दिसतं ते बहुधा रिंगचं काम, पण होल्डर ठरलेल्या टॉर्कलाच आवळावा लागतो, टॉर्क पाना नसेल तर सोडून द्या. ज्या पंपात वेगळं ऑइल भरतात, त्याची पातळी वाढून डिझेलचा वास येत असेल तर प्लंजर झिजलेत किंवा फीड पंप गळतोय. ते सील किटने सुटत नाही.

किट आणायला जाताना पंपाच्या अंगावरच्या पाटीचा पूर्ण नंबर घेऊन जा. इंजिनाचं नाव सांगून आणलेलं किट अर्ध्या वेळा चुकतं, कारण एकाच इंजिनावर वेगवेगळे पंप आलेत. पाटी गंजली असेल तर डिझेलने पुसून, टॉर्च तिरका धरून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. आणि काम जूनमध्येच उरका. जुलैत आठवड्यातून एकदा अर्धा तास इंजिन चालवा, टाकी भरलेली ठेवा म्हणजे पावसाळी दमटाने आत पाणी धरणार नाही. नवीन रिंग कुठे ओली होतेय का ते खुंटाला बांधलेल्या होडीतच कळलं, तर दुरुस्तीला अजून दिवस हातात राहतात.