परदेशात दोरा शोधताना



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो वेतनाविषयी, बोनसविषयी किंवा नव्या कामगारसंहितांविषयी बोलणार, असे आपण गृहीत धरता. मी आज फुलीच्या टाक्याच्या, म्हणजे क्रॉस स्टिचच्या दोऱ्याविषयी बोलणार आहे. हा विषय माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगतो.

रबाळ्याला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, औद्योगिक वसाहतीच्या शेजारी आमची वस्ती आहे. माझी पत्नी ज्या कारखान्यात पॅकिंगचे काम करी, तो काही वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून ती आणि शेजारच्या पाच बायका घरी बसून भरतकामाची कामे घेतात. मी त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. 1982 च्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि पाठोपाठ माझी शाळा सुटली. पुढचे सारे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. त्या शिक्षणात कारखान्याच्या फाटकाच्या आतला कामगार मला दिसला. माझ्याच खिडकीशी बसलेला दिसला नाही. बायकांचा दुपारचा विरंगुळा, एवढीच माझी समजूत होती.

एके वर्षी जून महिन्यात कामगार संघटनांच्या एका अभ्यासगटाबरोबर जिनिव्हाला जाण्याचा योग आला. निघण्याच्या आदल्या रात्री पत्नीने एक कागदी पट्टी आणि कापडाचा बोटभर तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "अहो, तुम्ही तिकडे जाताच आहात, तर एवढा लाल दोरा बघाल का? दहा लड्या कमी पडताहेत. इथला जुळत नाही."

एका व्यापाऱ्याने भिंतीवर लावायच्या सहा चित्रांचे काम दिले होते. कापड, नमुना आणि दोरा त्याचा. दोरा मात्र त्याने हात आखडून दिला होता, आणि कमी पडला तर तो बायकांनी स्वतःच्या पैशाने आणावा, असे वर सांगितले होते. मुदतीत चित्रे पोचली नाहीत तर मजुरी कापली जाणार होती. म्हणजे दहा लड्यांवर सहा घरांचे पैसे अडकले होते.

आता हा दोरा म्हणजे काय, ते पाहू. फुलीचा टाका आपल्याला परका नाही. धारवाड-बेळगाव भागातली कसुती आपण इरकली लुगड्यांच्या पदरांवर पाहिलेली आहे. तिच्यातल्या चार टाक्यांपैकी 'मेंथी' नावाचा टाका म्हणजे फुलीच. मेथीच्या दाण्यांवरून ते नाव पडले. कसुतीत कापडावर आधी चित्र काढत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाका घालतात. फुलीच्या कामाचे सारे शास्त्र या मोजण्यात आहे. परदेशात सामान शोधणाऱ्याने म्हणूनच रंगाचे वर्णन पाठ करण्याऐवजी आकडे बरोबर न्यावेत.

पहिला आकडा कापडाचा. ज्याला आयडा म्हणतात त्या कापडात चौकोन विणलेलेच असतात, आणि एका इंचात किती चौकोन बसतात त्यावरून कापड ओळखतात: 11, 14, 16, 18. नमुना 210 चौकोन रुंद असेल तर 14 च्या कापडावर चित्र 15 इंच होते. 18 च्या कापडावर ते पावणेबारा इंचांच्या आतच राहते. एकच नमुना, पण चौकट बसणार नाही. युरोपात आणखी एक घोटाळा होतो. तिथे इंचाऐवजी 10 सेंटिमीटरमधले चौकोन सांगण्याची पद्धत आहे. आपले 14 चे कापड तिथे 55 च्या आसपास, 16 चे 63 च्या आसपास आणि 18 चे 71 च्या आसपास येते. हे ठाऊक नसलेला माणूस "चौदा, चौदा" म्हणत बसतो आणि समोरच्याला काही उमगत नाही.

दुसरा आकडा दोऱ्याचा. आपल्या घरांतून याला 'रेशीम' म्हणतात; वस्तुतः ते सूत असते. त्याची चकाकी रसायनाची आहे. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाला 1844 साली आढळले, की कॉस्टिक सोड्याने सूत फुगते, बळकट होते आणि रंग अधिक धरते. पुढे 1890 च्या सुमारास हॉरेस लो याने सूत ताणून धरून तीच क्रिया केली, तेव्हा त्याला रेशमासारखी झळाळी आली. भरतकामाची नेहमीची लडी आठ मीटरची असते आणि तिचा दोरा सहा पदरी असतो. 14 च्या कापडावर बहुधा दोन पदर सुईत घेतात. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी. 14 च्या कापडाला 24 नंबरची चालते, त्याहून बारीक कापडाला 26 ची.

रंगाला नावापेक्षा नंबर महत्त्वाचा. पण नंबर कंपनीगणिक बदलतो. डीएमसीचा काळा रंग 310, तर आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या अँकरचा काळा 403. एका कंपनीच्या नंबरासमोर दुसरीचा जवळचा नंबर देणारे तक्ते मिळतात. परंतु 'जवळचा' म्हणजे 'तोच' नव्हे. आमच्या बायकांची अडचण नेमकी हीच होती. चित्रातला लाल डीएमसीचा 321 होता. बाजारातून आणलेला जवळचा लाल दिव्याखाली जुळला आणि सकाळी उन्हात पाहिला तो वेगळा निघाला. पुन्हा एकाच नंबरातही रंगाच्या घाण्याघाण्यांत किंचित फरक पडू शकतो. म्हणून पट्टी जपून ठेवावी आणि तिच्याबरोबर भरलेल्या कापडाचा तुकडाही न्यावा.

तिसरी गोष्ट, दुकानाला काय म्हणायचे? असे सामान बहुधा सुया, बटणे, फिती विकणाऱ्या दुकानात मिळते. फ्रेंच मुलखात त्याला 'मेर्सरी' म्हणतात आणि फुलीच्या टाक्याला 'प्वँ द क्रुआ'. इटलीत 'मेर्चेरिया' आणि 'पुंतो क्रोचे'. जर्मन मुलखात 'कुर्त्सव्हारेन' आणि 'क्रॉइत्सश्टिख'. इंग्लंडात 'हॅबरडॅशरी' असे विचारावे. अमेरिकेत या दोऱ्याला 'फ्लॉस' म्हणतात आणि तो हस्तकलेच्या मोठ्या दुकानांत मिळतो. मात्र तिथल्या जोअॅन या जुन्या साखळीची सगळी दुकाने 2025 साली बंद झाली, तेव्हा जुना पत्ता घेऊन कोणी हिंडू नये. हे शब्द मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून न्यावेत. आपला उच्चार चुकला तरी कागद चुकत नाही. आणि परतताना कात्री घेतली असेल तर ती मोठ्या सामानात टाकावी. हातातल्या पिशवीत ठेवून विमानतळावर हुज्जत घालू नये.

इतकी तयारी करून मी जिनिव्हाला उतरलो तो शनिवारी संध्याकाळी. दुकाने मिटली होती. रविवारी सकाळी पट्टी खिशात घालून निघालो, तर गल्लीच्या गल्ली बंद. मनात म्हटले, काय हा देश! गिऱ्हाईक दारात उभे आहे आणि विकायला माणूस नाही. दहा पावले गेलो आणि मलाच माझी लाज वाटली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणीकामगारांच्या सभा भरवून रविवारची सुटी मागितली, आणि 1890 च्या 10 जूनला गिरणीमालकांनी ती मान्य केली. दर वर्षी मी हे भाषणात सांगतो. तीच सुटी परमुलखातल्या दुकानातल्या बाईला मिळालेली पाहून मी चिडलो होतो. गिऱ्हाईक झाल्याबरोबर माणूस किती लवकर मालकासारखा विचार करू लागतो!

तो रविवार तिथल्या कामगार मित्रांनी सत्कारणी लावला. बाझेलवरून आगगाडीने ते मला फ्रान्समधल्या म्युलूझ गावी घेऊन गेले. माझ्या खिशातल्या पट्टीवरची डीएमसी ही अक्षरे याच गावची. तिथल्या कापडधंद्याचा आरंभ 1746 साली झाला, आणि तो कशाने, तर आपल्या हिंदी छिटांच्या नकलेने! त्या छापील कापडाला ते 'अँदियेन', म्हणजे हिंदी, असेच म्हणत. 1800 साली दोल्फुस आणि मीग ही घराणी लग्नाने जोडली गेली आणि कंपनीला आजचे नाव मिळाले.

पण या गावाची दुसरीही कीर्ती आहे. व्हिलेर्मे नावाच्या डॉक्टराने फ्रान्समधल्या कापडकामगारांची पाहणी करून 1840 साली ती प्रसिद्ध केली. म्युलूझच्या गिरण्यांकडे पहाटे कोसभर अनवाणी चालत येणारी मुले त्याने तीत वर्णिली आहेत. पुढच्याच वर्षी फ्रान्सने बालकामगारांविषयी कायदा केला: आठ वर्षांखालील मूल कामावर घ्यायचे नाही, आठ ते बारा वर्षांच्या मुलाला आठ तासांहून अधिक राबवायचे नाही. आपल्याकडचा 1881 चा कायदा चाळीस वर्षांनी आला आणि त्यात वयाची अट सातच वर्षांची होती. 1853 पासून त्याच गावात कामगारांसाठी बांधलेली घरे मी पाहिली. एका छपराखाली चार घरे, प्रत्येकाला बागेचा तुकडा, आणि हप्ते फेडून घर कामगाराच्या मालकीचे होण्याची सोय. ती मालकांनी बांधली, त्यात त्यांचा स्वार्थही होता. तरी लालबाग-परळची चाळ आठवून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

सोमवारी जिनिव्हातले दुकान सापडले. दारावर पाटी होती: सोमवारी दुपारी दोनपासून. दुपारी मला बैठक होती. मंगळवारी जेवणाच्या सुटीत धावत गेलो, तर दुकानाचीही जेवणाची सुटी! शेवटी संध्याकाळी दुकान मिटण्याच्या थोडे आधी पोचलो. तात्पर्य, पत्ता शोधण्याआधी वेळ शोधावी, आणि खरेदी शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

दुकानातल्या वयस्कर बाईंना इंग्रजी येत नव्हते, मला फ्रेंच येत नव्हते. मी पट्टी पुढे केली. त्यांनी नंबर वाचला आणि एक खण ओढला. मग माझ्या हातातला कापडाचा तुकडा घेऊन त्या दाराशी उजेडात गेल्या, लडी त्यावर धरली आणि मान हलवली. तुकडा उलटा करून मागची बाजूही पाहिली. मागे गाठी नव्हत्या, टोके टाक्यांखाली नीट दडवलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. हे तुम्ही केले काय, असे विचारीत असाव्यात. मी माझ्या बोटातल्या अंगठीकडे बोट दाखवले. त्या हसल्या. मी दहाऐवजी अकरा लड्या घेतल्या आणि न विसरता पावती घेतली.

किती लड्या लागतील, हे कसे ठरवावे? 14 च्या कापडावर, दोन पदरी दोऱ्याने, वाया जाणारी टोके धरून एका लडीत हाताच्या सवयीप्रमाणे दीड ते दोन हजार फुल्या होतात. आमच्या एका चित्रात लाल फुल्या 10,000. दीड हजाराने भागले तर पावणेसात लड्या. सहा चित्रांना चाळीस. व्यापाऱ्याने दिल्या होत्या तीस. नवा दोरा जुन्यात मिसळताना बायकांनी एक युक्ती केली: सुईत एक पदर जुना आणि एक नवा घेतला. त्यामुळे जोड कुठे आहे, ते कळले नाही. चित्रे मुदतीत गेली.

हा हिशेब मांडता मांडता माझी लेखणी पुढेही चालली. एका चित्रात सगळ्या मिळून सुमारे 18,000 फुल्या. पत्नीचा वेग तासाला दीडशे. म्हणजे 120 तास, आठ तासांचे पूर्ण पंधरा दिवस! मिळणाऱ्या मजुरीला 120 ने भागले, तेव्हा जो दर निघाला तो रबाळ्याच्या कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर मी कोणाला घेऊ दिला नसता. माझ्या घरात मात्र तो कित्येक वर्षे चालू होता, आणि मी त्याला विरंगुळा म्हणत होतो.

घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणाराही कामगारच, त्याला इतरांच्या बरोबरीने वागवले पाहिजे, असा ठराव जिनिव्हाच्याच आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1996 साली केला. तो 177 क्रमांकाचा करार. भारताने त्यावर अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही. 1919 साली त्या संघटनेच्या पहिल्या परिषदेला आपले नारायण मल्हार जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, याचा आपल्याला अभिमान आहे. तो अभिमान उंबरठ्याच्या आत आणायचे काम उरले आहे.

पुढच्या कामाच्या वेळी सहाजणी मिळून व्यापाऱ्याकडे गेल्या. मी गेलो नाही. जाऊ नका, असे त्यांनीच सांगितले. जिनिव्हाची पावती त्यांनी पुढे ठेवली आणि फुल्यांचा कागद तिच्याशेजारी. दोऱ्याचे पैसे त्याने चुकते केले. यापुढे दोरा मोजून आणि एक लडी जास्त देईन, हेही कबूल केले. तासाचा दर मात्र त्याने अजून मान्य केलेला नाही. ती बोलणी चालू आहेत.

आपल्यापैकी कोणी मुलाकडे, मुलीकडे परदेशी जाणार असेल आणि घरातून कोणी दोऱ्याची पट्टी हातावर ठेवली, तर ती हलक्या हाताने खिशात टाकू नका. नंबर नीट पाहा, कापडाचा तुकडा मागून घ्या, आणि हे काम किती तासांचे आहे, एवढे निघण्यापूर्वी घरी विचारा.