बाप्तिस्मा, बचत आणि वारल्यांची मजुरी

१९०४ चा ऑक्टोबर महिना. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, माउंट एअरी या गावी नातेवाइकांकडे उतरले होते. रविवारी गावाजवळच्या तळ्यावर बाप्तिस्म्याचा कार्यक्रम होता. गारठा मी म्हणत होता, तरी माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरत होती आणि धर्मोपदेशक एकेकाला पुरते बुडवून वर काढत होता. त्यांतल्या एका तरुणाकडे पाहून वेबरांचा नातेवाईक म्हणाला, हा येणार हे मला ठाऊकच होते. याला गावात बँक काढायची आहे.

वेबर चक्रावले. बँकेचा आणि बाप्तिस्म्याचा संबंध काय? गावात बाप्तिस्ट फार होते असेही नाही. पण मंडळीत प्रवेश देण्याआधी उमेदवाराची अगदी लहानपणापासूनची चौकशी होई. दारू पितो का, उधारी बुडवली आहे का, बायकांच्या बाबतीत कसा आहे, सगळे खोदून विचारले जाई. एवढ्या चाळणीतून जो गेला त्याच्याकडे पैसे ठेवायला हरकत नाही, हे गावातल्या इतर पंथांच्या लोकांनाही पटत असे. म्हणजे मंडळीचे सभासदत्व ही एक पतच होती.

त्याच सुमारास वेबरांचा गाजलेला प्रबंध प्रसिद्ध होत होता. त्यातले म्हणणे थोडक्यात असे की काही प्रॉटेस्टंट पंथांनी रोजच्या कामधंद्याला देवाने नेमून दिलेल्या कामाचा मान दिला. कष्ट करायचे, पण कमाई उधळायची नाही. नशापाणी नाही, डामडौल नाही. मग पैसा साठतो आणि साठलेला पैसा पुन्हा धंद्यात जातो. यातली मेख मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकातच ओळखली होती. श्रद्धेने माणूस काटकसरी होतो, काटकसरीने श्रीमंत होतो आणि श्रीमंतीने श्रद्धा पातळ होते, ही चिंता ते म्हातारपणी सतत बोलून दाखवत.

वेबरांच्या सिद्धांतावर पुढे शतकभर वाद झाले, त्यात शिरायचे कारण नाही. त्याची एक परीक्षा मात्र आपल्याकडे, डहाणूत झाली. ती कुणी मुद्दाम घेतली नव्हती, आणि तिचा निकालही कुणी लावला नाही.

माउंट एअरीच्या बाप्तिस्टांचे जणू चुलतभाऊ म्हणावेत असे लोक त्याच वर्षांत डहाणूत येऊन राहिले होते. चर्च ऑफ द ब्रदरन हा त्यांचा पंथ. १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावी अलेक्झांडर मॅक आणि त्यांच्या सोबत्यांनी तो सुरू केला. छळाला कंटाळून ही मंडळी पेनसिल्व्हेनियात गेली, शेती करू लागली, पुढे ओहायो, इंडियाना, इलिनॉयपर्यंत पसरली. बाप्तिस्मा देताना माणसाला तीनदा पाण्यात बुडवायचे, म्हणून लोक त्यांना डंकर म्हणत. कपडे साधे, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही, कोर्टाची पायरी चढायची नाही. जमीन कसायची, पैसा राखायचा आणि उरलेल्यातून सुवार्ता पाठवायची.

१८९४ मध्ये या पंथाने विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन यांना हिंदुस्थानात धाडले. त्यांनी वलसाडला बस्तान बसवले. शतकाअखेरच्या छप्पनच्या दुष्काळात अनाथ मुले सांभाळली, त्यांना सुतारकामासारखे हुन्नर शिकवले. तिथून रेल्वेच्या रुळांनी खाली उतरत मिशन डहाणूला आले. पुढे डहाणू रोडला मिशनचे हॉस्पिटल उभे राहिले आणि डॉ. बार्बरा निकी यांच्यासारख्या अमेरिकन डॉक्टरांनी तिथे वर्षानुवर्षे काम केले. हा सगळा खर्च कुठून येई? मक्याच्या शेतातून. अमेरिकी शेतकऱ्याने वर्षाअखेर काढलेल्या शिलकीतला वाटा डहाणूतल्या बाळंतिणीच्या खाटेपर्यंत येत होता.

धर्म आणि व्यापार यांची ही सोबत जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक चार्ल्स ग्रँट हे कट्टर सुवार्तावादी. हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्म पसरला तर इंग्लंडच्या मालालाही गिऱ्हाईक वाढेल, असे त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच लिहून ठेवले होते. पुढे १८१३ चा सनदी कायदा आला. त्याच एका कायद्याने हिंदुस्थानच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी मोडली आणि मिशनऱ्यांनाही दार उघडले. खुला व्यापार आणि खुला धर्मप्रचार एकाच कागदावर.

त्याच वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. अहमदनगर, सोलापूर, वडाळा इथल्या शाळा-दवाखान्यांचा खर्च करणारे त्यांचे अमेरिकन बोर्ड १९०५ मध्ये एका वादळात सापडले. तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांनी बोर्डाला १ लाख डॉलर दिले. स्पर्धकांना चिरडून मिळवलेला हा पैसा डागाळलेला आहे, तो परत करा, असे वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने ठणकावून सांगितले. नंतर उघड झाले की देणगी आपणहून आलेली नव्हती, बोर्डानेच ती मागितली होती. पैसा राहिला. देव आणि भांडवल यांचे जमते की नाही हा प्रश्न पोथीतला नव्हता. नगरच्या शाळेतल्या मास्तरचा पगार त्यात अडकलेला होता.

काही मिशनऱ्यांनी तर सरळ कारखानेच काढले. मंगळूरच्या बासेल मिशनचे उदाहरण मराठी माणसाच्या डोक्यावरच असते. १८६५ मध्ये गेऑर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याने तिथे कौलांचा कारखाना सुरू केला, आणि मंगलोरी कौले कोकणापासून पार गुजरातपर्यंतच्या छपरांवर चढली. धर्मांतरामुळे जातीचा धंदा आणि घर सुटलेल्या माणसांना रोजगार हवा, हे त्यामागचे कारण. मिशनची कंपनी रीतसर भागभांडवलावर चाले. ती कामगारांना वेळेवर येण्याची, भोंग्यावर काम करण्याची, पगार जपून खर्चण्याची शिस्त लावी. वेबरांना मंगळुरात आपला सिद्धांत चालताबोलता दिसला असता.

डहाणूत तो दिसला नसता.

याचे कारण डहाणूची जमीन कुणाच्या हाती होती, यात आहे. रेल्वे १८६० च्या दशकात इथून गेली आणि जंगलातले लाकूड, गवत, कोळसा यांना मुंबईचा बाजार मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात इराणी बागाईतदारांनी चिकू लावला. २०१६ मध्ये त्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. भांडवलशाही डहाणूला आली ती अशी, ठेकेदार, सावकार आणि वाडीवाला यांच्या रूपाने. वारली त्यात होता, पण मालक म्हणून नाही. जमीन सावकाराकडे गेलेली, अंगावर वेठ. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघे सावकाराच्या घरी राबायला बांधले जात. या प्रकाराला लग्नगडी म्हणत. कर्ज पन्नास-शंभर रुपयांचे असले तरी फेड पिढीभर चाले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात हे सगळे नोंदले आहे. जमीनदारांत हिंदू होते, पारशी-इराणी होते, मुसलमानही होते. पिळवणुकीला धर्माची अडचण नव्हती.

अशा माणसाला मिशनने काय दिले? औषध दिले, अक्षरे दिली, दारू सोडण्याचा आग्रह धरला. हे थोडे नव्हे. मलेरियाने आणि बाळंतपणात माणसे पटापट मरत त्या काळात हॉस्पिटल असणे म्हणजे काय, हे तिथेच जन्मलेल्यांना विचारावे. पण काटकसरीला काहीतरी उरावे लागते. ज्याच्या हातात दिवसअखेर नाणेच येत नाही, मूठभर नागली येते, त्याने वाचवायचे काय? मंडळीत आलेल्या वारल्यांची संख्या नेहमीच बेताची राहिली, आणि मिशनच्या कामाचा रोख जमीनदारीवर नव्हता.

तो रोख लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा होता. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे डहाणू-उंबरगावचे काही वारली पोहोचले. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचा ठराव झाला. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर पाड्यापाड्यांत फिरले. मग मागणी आली थेट पैशांत, रोज १२ आणे मजुरी, आणि गवत कापणीला ५०० पौंडांमागे अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाचजण मारले गेले. तरी मजुरीसाठीचा संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही कहाणी लिहिली. लग्नगडी संपवला तो या लढ्याने. डहाणू मतदारसंघात आजही मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा आमदार निवडून येतो, याचे मूळ तिथे आहे.

विशेष म्हणजे, नुसत्या दानाने भागत नाही हे ब्रदरन पंथातल्याच एकाला त्याच काळात कळले होते. डॅन वेस्ट हा त्यांच्यातला शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धात भुकेल्या मुलांना मोजून दूध वाटत होता. वाटता वाटता त्याच्या मनात आले की यांना पेलाभर दूध नको, गाय हवी. १९४४ मध्ये त्याच्या संस्थेच्या पहिल्या कालवडी प्वेर्तो रिकोला गेल्या. गाय घेणाऱ्याने तिची पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची, एवढीच अट. गाय म्हणजे भांडवलच. डहाणूच्या वारल्याला हवे होते तेही हेच, फक्त गाईच्या जागी जमीन.

आज तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर दिसणारे सुवार्तिक ब्रदरन नाहीत. तलासरीचे ज्ञानमाता सदन जेझुइटांचे, म्हणजे कॅथलिक, त्याचाही इथे संबंध नाही. नव्या मंडळ्या लहान आहेत, बऱ्याचशा पेंटेकोस्टल वळणाच्या, पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर कुणाच्या ओटीवर भरणाऱ्या. पाळक बहुधा आदिवासीच. उपासनेत साक्ष देण्याची पद्धत असते. माणूस उभा राहून सांगतो की आधी पीत होतो, भगताला कोंबडे-बकरे देत होतो, आजारपणात घर धुपले. मग प्रार्थनेला आलो आणि दारू सुटली, मुलीला शाळेत घातले, घराला पत्रे टाकले. घरात पैसा टिकू लागला हे या साक्षींतले मोठे आकर्षण असते, विशेषतः बायकांना. मग दशांश येतो, कमाईचा दहावा हिस्सा मंडळीला. गावकीत कटकटी होतात त्याही इथेच. देवाची वर्गणी बंद झाली, लग्न लावणारी धवलेरी नको झाली की उरलेल्या गावाला ते घर आपल्यातून फुटल्यासारखे वाटते, आणि ते अगदीच चुकीचे नाही.

याच मंडळ्यांत मोबाइलवरून दुसरीही एक शिकवण पोहोचते. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्ससारख्या प्रचारकांनी ती रुजवली. देवाच्या कामी पैसा पेरा, तो अनेक पटींनी परत येईल, असा तिचा सांगावा. वेबरांचा काटकसरी भक्त इथे उलटा झाला आहे. श्रीमंती हे आता कष्टाचे फळ नाही, श्रद्धेची पोचपावती आहे. गरीब माणसाला हे सांगणे क्रूर आहे, कारण पैसा परत आला नाही तर दोष त्याच्याच विश्वासाचा ठरतो. सगळे सुवार्तावादी या बाजूचे आहेत असे नाही. १९७४ मध्ये लोझानच्या जागतिक परिषदेत रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार या लॅटिन अमेरिकी सुवार्तावाद्यांनीच, अमेरिकी राहणीमान ख्रिस्ताच्या नावाने विकू नका, असे सुनावले होते.

ब्रदरन मंडळींचे पुढे काय झाले? १९७० मध्ये त्यांचा इथला पंथ चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाला. काहींना ते मान्य नव्हते, आणि चर्च, शाळा, जमिनी कुणाच्या यावर खटले सुरू झाले. शपथ न घेणाऱ्या, कोर्टात न जाणाऱ्या डंकरांच्या वारसांचे प्रकरण २००५ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. विश्वस्त संस्थेची मिळकत नुसत्या ठरावाने दुसऱ्याच्या नावावर जात नाही, त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याची रीत पाळावी लागते, असे २०१३ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले. श्रद्धा पातळ झाली की नाही सांगता येणार नाही, पण मिळकत जाड झाली होती खरी. वेस्लींना आश्चर्य वाटले नसते.

इकडे डहाणूच्या दारात नवे भांडवल उभे आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. मच्छीमार विरोधात आहेत. १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेल्या तालुक्यात हे बंदर येते आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आहे, आणि ते कुठल्या देवाला मानणाऱ्या आदिवासीची जमीन असे विचारत नाही. निवडणूक जवळ आली की या तालुक्यांत धर्मांतराची चर्चा तापते. वाचकाने त्या चर्चेत जरूर भाग घ्यावा. मात्र दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाच्या हाती हंगामाअखेर किती पैसे उरतात, हे आधी विचारावे. ते कुटुंब वारल्यांच्या हिरव्या देवाला मानते की येशूला, हे त्यानंतर.