पिकअपमधला ‘अप’

दांडी म्हटलं की मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातेत, नवसारीकडे. आपली दांडी पालघर जिल्ह्यातली, बोईसर-तारापूरच्या पट्ट्यातलं समुद्राला चिकटलेलं मच्छीमारांचं गाव. समोर दर्या, पाठीमागे एमआयडीसीचे कारखाने, १९६९ साली वीज देऊ लागलेलं तारापूरचं अणुवीज केंद्र आणि बोईसर स्टेशन. अशा पट्ट्यात एक इंग्रजी क्रियापद दिवसभर किती कामं करतं ते कान देऊन ऐकावं.

‘पिकअप आली काय?’ ही चौकशी मासळी भरायच्या गाडीची. ‘कंपनीची बस नाक्यावरून पिकअप करते.’ ‘दोनदा फोन लावला, पिकअपच करत नाही.’ ‘चढावर गाडीला पिकअप नाही.’ ‘सीझनला धंद्याने बरा पिकअप घेतला.’ शब्द एकच. पण कुठे तो वाहन आहे, कुठे माणसाला वाटेत घेणं, कुठे फोन, कुठे इंजिनाचा दम, तर कुठे बाजाराची तेजी. बोलणारा कुठेही अडखळत नाही आणि ऐकणाराही नाही.

मुळात हे दोन साधे शब्द. पिक म्हणजे टिपणं, वेचणं. अप म्हणजे वर. बेरीज केली तर ‘वर उचलणं’ एवढंच हाती लागायला हवं. पण इंग्रज माणूस याच जोडीने भाषाही शिकतो, सर्दीही लावून घेतो, कुठून तरी बातमीही मिळवतो आणि त्याचा रेडिओ दूरची लहरही पकडतो. यातलं काहीच ‘वर’ जात नाही. अशा जोड्यांनी परभाषिकांची दमछाक होते, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं. बोईसरच्या इंग्रजी क्लासात मुलं डोकं धरून बसतात, तर त्यांनी निदान एवढं तरी समाधान मानावं.

पण ‘वर’ जातं कुठे? आपलं ‘उचलणं’ घ्या, म्हणजे थोडा पत्ता लागतो. मासळीचा क्रेट उचलतात, तसाच फोनही उचलतात. जबाबदारी उचलतात. दुसऱ्याची कल्पना उचलतात. पोलीस संशयिताला ‘उचलतात’, आणि नेमक्या याच कामाला इंग्रजीतही ‘पिक अप’ हेच चालतं. कामगार मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतो ती ‘उचल’. दबलेलं दुखणं पुन्हा ‘उचल खातं’. दोन्ही भाषांनी हाताची एकच हालचाल घेतली: खाली पडलेली वस्तू आपल्या ताब्यात येते. मग वस्तू गेली, हात गेला, आणि ‘ताब्यात येणं’ तेवढं उरलं. भाषा, सर्दी, बातमी सगळं त्यात मावलं. मला यात चकित करणारी गोष्ट ही, की दोघींनी एकमेकींना न विचारता ही वाट धरली.

इंग्रजीतला ‘अप’ तर याहून पुढे गेला आहे. ‘ईट अप’ म्हणजे वर खाणं नव्हे. ताटात काही शिल्लक न ठेवता खाणं. इथे ‘अप’चा अर्थ ‘पुरतं, शेवटपर्यंत’. मराठीत हेच काम दुसरं क्रियापद करतं: खाऊन टाक. आता यात ‘टाकणं’ कुठे आहे? उलट, टाकू नकोस म्हणूनच तर आई सांगते. ‘नको ते बोलून बसला’ यात कोणी बसलेलं नसतं, असतो तो पश्चात्ताप. ‘जेवून घे’ आणि ‘लिहून दे’ यांत घेण्या-देण्याला वस्तूच नाही. एकात काम स्वतःसाठी, दुसऱ्यात दुसऱ्यासाठी. परदेशी विद्यार्थ्याला हे शिकवून पाहा, मग ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’मधल्या फरकाबद्दल इंग्रजीला नावं ठेवायचा हुरूप राहत नाही.

इंग्रजीची आणखी एक गंमत म्हणजे ही जोडी फोडता येते. ‘पिक अप द फिश’ चालतं, ‘पिक द फिश अप’ही चालतं. पण माशाऐवजी सर्वनाम आलं की ते मध्येच बसवावं लागतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ म्हटलं की कान टवकारतात. हा प्रकार आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्याच घरात होता. प्र, आ, सम्, वि, परि हे उपसर्ग लावून एका ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार कसे होतात, ते शाळेत घोकलेलं असतं. संस्कृतात उपसर्ग धातूला पुढून चिकटतो. वेदांत मात्र तो धातूच्या मागेही येतो, मध्ये दुसरे शब्द घेऊन सुटाही उभा राहतो, आणि पाणिनीने अष्टाध्यायीत ही सवलत नोंदवली आहे.

नातं एवढ्यावर थांबत नाही. इंग्रजी ‘अप’ आणि संस्कृत ‘उप’ एकाच मुळाचे. ‘ओव्हर’ आणि ‘उपरि’, ‘आउट’ आणि ‘उद्’ हेही तसेच. आणि इंग्रजी ‘ऑफ’चा भाऊ कोण? अपहरणातला, अपकर्षातला ‘अप’! म्हणजे देवनागरीत आपण जो ‘अप’ लिहितो तो दिसायला ‘ऑफ’चा भाऊ आणि नात्याने ‘उप’चा.

मराठीने ही इंग्रजी जोडी घेतली ती मात्र न फोडता. ‘पिकअपतो’ असं कोणी म्हणत नाही. पूर्ण जोडी नाम म्हणून उचलायची आणि क्रियापद घरचं लावायचं: पिकअप करणं, शटडाऊन घेणं, ब्रेकडाऊन होणं. ही युक्ती जुनीच. फारसी-अरबी शब्द आले तेव्हाही आपण असंच केलं: माफ करणं, कबूल करणं, मंजूर होणं. एमआयडीसीतला फिटर ‘उद्या शटडाऊन घेतलाय’ म्हणतो, तेव्हा तो शिवकाळापूर्वीपासून चालत आलेला नियम पाळत असतो.

या पट्ट्यातली सगळ्यात धीट जोडी मात्र रेल्वेची. लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत आली, पण ‘अप-डाऊन करणं’ त्याच्या कितीतरी आधीचं. पश्चिम रेल्वेवर मुंबईकडे जाते ती अप, मुंबईहून येते ती डाऊन. चढ-उताराचा संबंध नाही, लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’ म्हणायची ब्रिटिश रेल्वेची रीत इथे आली एवढंच. पिकअपमध्ये निदान पिक तरी आहे. ‘दांडीहून रोज अंधेरीला अप-डाऊन करतो’ यात इंग्रजी क्रियापद मुळातच नाही: दोन्ही शब्द नुसत्या दिशांचे, आणि क्रियापद म्हणून आपलं ‘करतो’.